सुधारून परत ठेवलेली बोट

ती बोट आठवली की आजही आधी मला हसू येतं. सगळी हयात पोलीस खात्यात गेली. घरफोड्या पाहिल्या, खून पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांवर घातलेल्या केसेस पाहिल्या. पण ‘माझी वस्तू कुणीतरी चोरून वापरतो आणि सुधारून परत ठेवतो’ अशी तक्रार घेऊन आलेला माणूस मी नोकरीत एकदाच पाहिला.

मी तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका खाडीकाठच्या ठाण्याचा प्रभारी होतो. हद्द अर्धी जमिनीवर, अर्धी पाण्यात. सकाळची हजेरी झाली की रात्रपाळीचा अहवाल, मग कोर्टाची कामं, मग बंदोबस्त. चहा यायचा तो निवूनच. तक्रारी म्हणाल तर सोसायटीतलं पार्किंग, हरवलेला मोबाइल, शेजाऱ्याचा कुत्रा. त्या दिवशी असंच काहीतरी चाललं होतं आणि एक गृहस्थ आत आले. पंचेचाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बारीक क्रॉस. मूळचे मनोरीचे, आता राहायला बोरिवलीत, अंधेरीला मशीनचे सुटे भाग बनवायचा कारखाना.

“साहेब, माझी स्पीडबोट आहे. मनोरीच्या खाडीत ठेवतो. ती कुणीतरी वापरतंय.”

“चोरीला गेलीय?”

“नाही, जागेवर आहे.”

“तोडफोड? सामान गेलंय? पेट्रोल?”

“काहीच नाही. पेट्रोलचा काटा तर जिथे सोडला तिथेच असतो.” ते जरा चुळबुळले. “साहेब, हसू नका. ती आधीपेक्षा चांगली चालतेय.”

माझे हवालदार लिहिता लिहिता थांबले. हे हवालदार मालवणचे, अंगानं काडी, पण तोंडाला लगाम नाही. म्हणाले, “सायबानू, असलो चोर आमच्या गावाकय धाडा.”

मी डोळे वटारले, पण हसू मलाही आवरत नव्हतं. तक्रारदारांना पाणी दिलं आणि म्हटलं, नीट समजावून सांगा.

त्यांनी सांगितलं ते असं. स्पीडबोट उभी असते तेव्हा पाण्यात बसलेली असते. वेग दिला की तिचं नाक आभाळाकडे जातं, मागची बाजू खाली दबते आणि ती समोरचं पाणी ढकलत, रेटत जाते. पुरेसा जोर मिळाला की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढते, आडवी होते आणि मग पाण्यातून न जाता पाण्यावरून धावायला लागते. ह्याला ते लोक बोट ‘वर आली’ म्हणतात. यांची बोट जबरदस्त, दोन इंजिनांची, पण चार माणसं बसली की वर यायचं नाव घ्यायची नाही. नाक वर करून बसायची आणि चालवणाऱ्याला समोरचं काही दिसायचं नाही. मेकॅनिक झाले, सल्ले झाले, शेवटी यांनी नाद सोडला. आणि गेल्या रविवारी मित्रांना घेऊन गेले, सवयीनं हँडल पुढे ढकललं, तर बोट जराशी मान उचलून सरळ वर आली.

“मी दचकलो साहेब. सगळ्यात वरचा वेग थोडा कमी झालाय, पण वर कशी येते, एकदम झकास! माझ्या बोटीला कुणी हात लावला, सांगा ना?”

हसण्यावारी नेता आलं असतं. पण आमचा किनारा. वेगवान बोट, अनोळखी हात. या किनाऱ्यावरचा कुठलाही पोलीस अशा गोष्टीवर फार वेळ हसत नाही. तक्रार अर्ज घेतला, गुपचूप चौकशी करतो म्हटलं आणि कुठे बोलू नका असं बजावून त्यांना पाठवलं.

खबर मिळायला वेळ लागला नाही. मार्वेच्या जेट्टीजवळ एक बाई सुकी मासळी विकायच्या. नजर अशी की कोण कुणाबरोबर फेरीबोटीत बसलं हे त्यांना विचारावं. त्यांनी फोनवर सांगितलं, “बुधवारी बघा साहेब. दुपारी सगळे जेवून आडवे झाले की ती बोट येऊन लागते. मग एक टॅक्सी येते. दोघं जण मिळून काहीतरी लांबडं, शालीत गुंडाळलेलं, अलगद उचलतात आणि बोटीत ठेवतात. खाडीच्या तोंडापर्यंत जातात. मग परत आणतात.”

“परत आणतात? टाकून येत नाहीत?”

“नाय ना! तेच तर मला कळत नाय.”

शालीत गुंडाळलेलं लांबडं! पोलिसाच्या डोक्यात काय काय येतं ते मी लिहीत नाही. बुधवारी जेट्टीवर सापळा लावायचं ठरलं. साध्या वेशातली माणसं, एक जण गळ टाकून बसलेला, हवालदार आइस्क्रीमच्या गाडीपाशी. तक्रारदाराला तेवढं कळवून ठेवलं.

बुधवारी दुपार गेली, चहाची वेळ गेली. ना बोट, ना टॅक्सी. हवालदारांनी तेवढी दोन आइस्क्रीमं खाल्ली.

मी भडकलो. सापळ्याची बातमी फुटल्याशिवाय असं होत नाही. आधी माझ्या माणसांना झाडलं, मग तक्रारदाराला फोन लावला. “तुम्ही कुणाला बोललात?”

“आईशप्पथ साहेब, कुणालाच नाही. घरी जेवताना निघालं असेल तेवढंच.”

घरचं काय, म्हणून मी ते सोडून दिलं. उत्तर तिथेच ताटात वाढलेलं होतं आणि मी बाहेर शोधत बसलो.

उरला राखणदार. बोट सांभाळायला त्यांनी मनोरीचाच एक माणूस ठेवला होता, पन्नाशीचा, ख्रिस्ती कोळी. बोट जिथे बांधायचे तिथेच काठावर मालकानं दिलेल्या खोलीत बायको आणि म्हाताऱ्या सासूला घेऊन राहायचा. त्याला ठाण्यात बोलावलं. आला तो चर्चला जाताना घालतात तसा धुतलेला शर्ट घालून. समोर बसला, हात गुडघ्यांवर.

“बोट कोण नेतं?”

त्यानं नजर गुडघ्यांवर नेली.

“तू राखणदार ना रे? तुझ्या डोळ्यांसमोरून बोट जाते आणि तुला ठाऊक नाही?”

“साहेब, मी चोरी नाय केली. बोट जशी नेली तशी परत ठेवली.”

“तशी कुठे? सुधारून ठेवलीस!”

त्यावर तो चक्क लाजला. इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारले, चौकशीत लाजणारा आरोपी मला नवीनच होता. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा बोलतच नव्हता. म्हणजे स्वतःला नाही, दुसऱ्या कुणाला तरी वाचवत होता.

“शालीत काय असतं?”

त्याचे डोळे भरून आले. “वाईट काय नसतं साहेब. येशूची शपथ. याच्यापुढे तुम्ही मला आत टाकलंत तरी मी बोलणार नाय. मी शब्द दिलाय.”

मालक बाहेर बसले होते. त्यांना आत बोलावून विचारलं तर ते उसळले. “शब्द? माझा पगार घेतो आणि शब्द दुसऱ्याला? साहेब, याच्यावर गुन्हा नोंदवा. खोली आजच खाली करायला सांगतो.”

राखणदारानं मान खाली घातली. पोलिसांनी उचललेल्या राखणदाराला त्या किनाऱ्यावर दुसरं कुणी होडीही सांभाळायला देत नाही, हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं. मालकांना म्हटलं, गुन्हा नोंदवायचा की नाही ते मी ठरवतो. आधी मला बोट दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, हवालदार आणि मालक बोटीवर गेलो. पाहणी सुरू केली तसा एकेक बदल सापडत गेला. बोटीचा तळ घासून स्वच्छ केलेला, शेवाळ नाही की शिंपला नाही. मागे ठेवलेल्या दोन जड बॅटऱ्या उचलून पुढे, उजव्या बाजूला बसवलेल्या. मागचा बर्फाचा मोठा खोका मधोमध सरकवलेला. मागे तळाशी स्टीलच्या दोन पट्ट्या असतात, त्या खाली केल्या की पाणी मागची बाजू उचलून धरतं आणि नाक खाली राहतं. त्यांना नवीन बिजागऱ्या. इंजिनांचे पाण्यात फिरणारे पंखेसुद्धा बदललेले. वरचा वेग थोडा सोडून सुरुवातीचा जोर वाढवणारे.

“माझ्या मेकॅनिकला हे का नाही सुचलं?” मालक पुटपुटले.

“त्याला घाई असेल,” मी म्हटलं. हे काम निवांत, आठवडे घालवून, कुणीतरी मनापासून केलेलं दिसत होतं.

बोट बाहेर काढली. वर आली खरी, पण धावताना उजवीकडे कलत होती. मालक म्हणाले, हो, तेवढंच एक खटकतं. डावीकडे पुढे एक लांब, आडवं होता येईल असं आसन होतं. मी तिथे जाऊन बसलो, तर बोट नाक पाण्यात खुपसून डावीकडे झुकली.

“तुमी जड पडतास, सायबानू,” हवालदार म्हणाले.

“मग तू बस.”

ते काडीपैलवान तिथे जाऊन बसले आणि बोट अशी सरळ झाली की पाण्याचा आवाजच बदलला. मी मालकाकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे. कुणीतरी ही बोट त्या आसनावर बसणाऱ्या एका हलक्या माणसासाठी तोलून ठेवली होती.

आसनाखाली एक कप्पा होता. उघडला. आत घडी करून ठेवलेला एक जाड, मऊ पट्टा, छातीवरून बांधायला असावा तसा. कापसानं भरलेला, वरून लाल चौकड्यांच्या लुगड्याचं कापड हातानं शिवलेलं. नाकाशी धरला तर नारायण तेलाचा वास. माझ्या आईला शेवटी शेवटी मी स्वतः ते तेल चोळलंय, तो वास मी कुठेही ओळखीन. सोनं, दारू, चोरीचं डिझेल, कशालाच नारायण तेलाचा वास येत नाही.

“हे कापड कधी पाहिलंय?”

मालकांनी पट्टा हातात घेतला. दुसऱ्या हातानं हँडल मागे ओढलं, इंजिनं मंदावली आणि बोट पाण्यात बसली.

“हे मम्मीचं लुगडं आहे,” ते म्हणाले. “लग्नाच्या वाढदिवसाला नेसायची ते.”

मग हळूहळू सांगायला लागले. वर्षापूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. यांनी आईवडिलांना मनोरीच्या घरातून उचलून बोरिवलीच्या टॉवरमध्ये, स्वतःकडे आणलं. चांगले डॉक्टर, दिवसाची बाई, सगळं. वडील दर बुधवारी तिला टॅक्सीनं मालाडला व्यायामोपचाराला नेतात. बुधवारी. हे म्हणताना ते थांबले. वडील कोण, तर आयुष्यभर गोदीत बोटींची इंजिनं दुरुस्त करून निवृत्त झालेले. बोट घेतली तेव्हा म्हणाले होते, मागची बाजू जड आहे रे हिची. यांनी लक्ष दिलं नव्हतं.

आम्ही ठाण्यात परतलो तर दारातल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कोट, पॉलिश केलेले बूट, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत टॉवेल, दात घासायचा ब्रश आणि रक्तदाबाच्या गोळ्या. राखणदाराच्या बायकोनं त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं.

“साहेब, मला आत घ्या आणि त्याला सोडा. त्यानं फक्त माझं ऐकलं.”

“डॅडी!” मुलगा ओरडला. “मम्मीला समुद्रावर नेत होता तुम्ही? तिला खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात! काही झालं असतं म्हणजे?”

मी दोघांना माझ्या खोलीत बसवलं, चहा सांगितला. गरम आणायला सांगितला. म्हाताऱ्यांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत.

“साहेब, ती मनोरीची. बापाच्या होडीत वाढलेली. तिच्या घराच्या पायरीला भरतीचं पाणी लागायचं. आणि आता खिडकीतून काय दिसतं? समोरच्या बिल्डिंगचे एसी. दिवसभर ते एसी बघत बसते. मी म्हटलं, एकदा पाणी दाखवू या. मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा नेलं. ह्याच्या बोटीत पुढे झोपवलं, बांधलं, आणि मी वेग दिला. नाक असं वर गेलं! ती मागे घसरली, तिला नुसतं आभाळ दिसायला लागलं. घाबरली. मी इंजिन बंद करून धावलो, वाटलं संपलं सगळं. तर तिनं डावा हात माझ्या दंडावर आपटला आणि म्हणाली, ‘नीट चालव!’”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

“झटक्यानंतरचा पहिला शब्द, साहेब. चक्क शिवी घातल्यासारखा. मी रडलो, ती रागावलेली तशीच. मग मी ठरवलं, ही बोट नीट चालवायची. बायकोला न घाबरवता वर आणायची. सुरुवातीला पंखे चुकीचे आणले, आणखीनच वाट लागली. मग बॅटऱ्या हलवल्या, पट्ट्या बसवल्या. दर बुधवारी थोडं थोडं. आता तिला कळतसुद्धा नाही, बोट कधी वर आली ते. ती नुसती बघत असते.”

मुलगा उभा राहिला. मला वाटलं, ओरडणार. पण तो हळू आवाजात बोलायला लागला.

“डॅडी, वर्षभर मी रोज ऑफिसला जाताना तिच्यासमोर बसतो. मम्मी, माझं नाव घे, म्हणतो. एक अक्षर म्हण, म्हणतो. आणि ती बोलली, तुम्ही ऐकलं, आणि मला सांगितलं नाही?”

म्हातारे कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, “चुकलं रे माझं. तुला सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस. त्यानंतर एकदाही ती बोलली नाही. मी वाट बघत होतो. पुन्हा बोलली की तुला घेऊन जाणार होतो.”

मुलानं बापाच्या हातातून कप काढून घेतला आणि तिथेच, माझ्या टेबलासमोर, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. हवालदार बाहेर जायचं निमित्त शोधत होते. शेवटी “पंखो बंद करतंय” म्हणाले आणि चालू पंखा बंद करून गेले.

पोलीस म्हणून मला रागवायचं होतं आणि मी रागावलो. परवाना? होता. लाइफ जॅकेट? तिघांनाही. डॉक्टरला विचारलं? म्हातारे बुटांकडे बघायला लागले. मी टेबलावर हात आपटला. “आधी डॉक्टर! त्यांनी हो म्हटल्याशिवाय बोटीला हात लावलात तर खरंच आत घेईन.” मग राखणदाराला बोलावलं. मालकांनी त्याचा हात धरला, “सॉरी यार, सगळ्यांदेखत तुला काय काय बोललो,” म्हणाले. तो पुन्हा लाजला. तक्रार मागे घेतो असा त्यांनी जबाब दिला. बदहेतू कुठेच नव्हता, अर्ज निकाली निघाला.

निकाली म्हणजे माझ्या दृष्टीनं नाही. मी सांगून टाकलं, “माझी पाहणी अपुरी आहे. ज्या वजनासाठी बोट तोलली, त्या वजनासकट ती चालवून दाखवा.” असला नियम कुठल्याच पुस्तकात नाही, आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली. एका बुधवारी दुपारी जेट्टीवर टॅक्सी आली. शालीत गुंडाळलेल्या बाईंना राखणदारानं आणि मुलानं उचललं. वाऱ्यानं कान दुखतो म्हणून शाल. सुकी मासळीवाल्या बाई पाटी सोडून बघायला आल्या आणि त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. मुलाच्या आईंना डावीकडच्या आसनावर बसवलं, लुगड्याचा पट्टा बांधला. इतक्या किरकोळ की शालच जास्त दिसत होती. मी मागे, मधोमध, श्वाससुद्धा जपून घेत बसलो.

हँडलवर मुलगा होता. त्याला आईला दाखवायचं होतं, हे उघड दिसत होतं. त्यानं वेग दिला तो एकदम. बोट चांगली असली तरी असा धसमुसळेपणा तीही किती सोसणार? नाक उसळलं. बाईंच्या घशातून आवाज आला. मुलानं घाबरून वेग कमी केला, “मम्मी, सॉरी, मम्मी!”

बाईंनी डावा हात आसनावर आपटला. ओठ वाकडे झाले, जुळले, पुन्हा वाकडे झाले. मग जड पण स्वच्छ आवाजात त्या मुलाला म्हणाल्या, “डॅडीला दे.”

तो पोरासारखा हसायला लागला आणि हसता हसता रडायला. “देतो मम्मी, देतो ना,” म्हणत उठला. म्हाताऱ्यांनी हँडल घेतलं. मुलगा आईच्या पायाशी बसला, तिचा गेलेला उजवा हात दोन्ही हातांत धरून. म्हाताऱ्यांनी हँडल बोटाबोटानं पुढे नेलं, मधेच बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणखी थोडं नेलं. बोट कधी वर आली ते मलाही कळलं नाही. समोर मनोरीचा काठ जवळ येत होता आणि बाई मान उचलून बघत होत्या.

नोकरीला लागल्यावर आम्हाला शिकवलं होतं, गुन्ह्यात फायदा कुणाचा ते शोधा, गुन्हेगार सापडतो. या प्रकरणात फायदा तक्रारदाराचाच होता, म्हणून मी अडलो. तेव्हापासून मी आणखी एक प्रश्न विचारायला शिकलो, हे एवढं कुणाच्या काळजीनं केलंय? पुढच्या नोकरीत त्या प्रश्नानं मला बऱ्याचदा हात दिला.

निवृत्त झाल्यावर मुलुंडला घर घेतलं. गाडी मीच चालवतो. रस्त्यात खड्डा आला, गाडी आदळली की शेजारच्या सीटवरून आमच्या सौभाग्यवती म्हणतात, “अहो, नीट चालवा.” पूर्वी मी म्हणायचो, मग तूच चालव. आता तसं म्हणत नाही. वेग कमी करतो, तिच्याकडे एकदा बघून घेतो, आणि ती आणखी काही बोलते का याची वाट बघतो.